पहिल्या झाडाला ६५ लिटर, शेवटच्याला २१: ठिबकचं पाणी मापून बघितलं, पुढे काय करू?

बांधावरून (सांगोला)

नमस्कार मंडळी. दोन एकर भगवा डाळिंब आहे. लागवड साडेचार बाय तीन मीटर, २४ ओळी, ओळीत २५ झाडं. ओळीला १६ मिमीच्या दोन नळ्या, झाडाला ४ लिटरचे चार ड्रिपर. साधे ऑनलाइन (नळीवर बाहेरून खोचलेले) ड्रिपर आहेत, प्रेशर कॉम्पेन्सेटिंग (दाब कमीजास्त झाला तरी सारखंच पाणी देणारे) नाहीत. पाणी बोअरचं. ठिबक सहा वर्षांचं झालं.

दोन वर्षं एकच दुखणं आहे. कॉकजवळच्या (पाणी सोडायच्या व्हॉल्व्हजवळच्या) ओळी तरारलेल्या आणि शेवटच्या सहा-सात ओळी खुरटलेल्या. माती म्हणाल तर सगळीकडे सारखाच मुरूम. यंदा मृग बहार (पावसाळ्याच्या तोंडावरचा) धरलाय. पुढच्या ओळींत फळ लिंबाएवढं झालंय आणि मागे अजून सुपारीएवढंच. झाडाला ४० लिटर द्यायचे म्हणून अडीच तास ठिबक चालवत होतो. मागची झाडं माना टाकायला लागली तशी वेळ वाढवत चार तासांवर नेली. मागची सुधारली नाहीत, पुढची मात्र पिवळी पडू लागली. वाफसाच (मुळांना हवा मिळेल इतपत ओल) येईना तिथे.

शेवटी परवा डबे घेऊन बसलो. पहिली नळी, एक तृतीयांशावरची, दोन तृतीयांशावरची आणि शेवटची अशा चार नळ्या निवडल्या. प्रत्येक नळीवर सुरुवात, एक तृतीयांश, दोन तृतीयांश आणि टोक अशी चार ठिकाणं. म्हणजे सोळा ड्रिपर. खाली वाटी ठेवून प्रत्येकी तीन मिनिटांचं पाणी धरलं आणि औषधाच्या मापाने मोजलं. ४ लिटरचा ड्रिपर असेल तर तीन मिनिटांत २०० मिली यायला हवं. आलं ते असं:

पहिली नळी: २०५, २००, १९०, १५०
एक तृतीयांश: २००, १९०, १८०, १३०
दोन तृतीयांश: १८५, १८०, १६०, ९५
शेवटची: १७०, १६०, १४०, ६५

झाडाचे चारही ड्रिपर सारखे धरले तर चार तासांत पहिल्या झाडाला ६५ लिटर गेलं आणि शेवटच्याला २१. दोन वर्षं मी खतं बदलली, औषधं बदलली, मुळांना कीड आहे का म्हणून खड्डे काढून बघितले. पाणी मापून बघायचं मात्र सुचलं नाही. काय करावं, सांगा.

जलवाटप

दादा, सोळा ठिकाणं घेतलीत हे फार बरं केलंत. बहुतेक जण कॉकजवळचे दोन ड्रिपर बघून "चांगलं पडतंय" म्हणतात. मी ठिबकच्या आराखड्यांचं काम करतो, तुमच्याच आकड्यांवर बोलतो.

सोळांची बेरीज २६००, सरासरी १६२.५ मिली. आता सगळ्यात कमी पाणी देणारे चार घ्या: ६५, ९५, १३०, १४०. त्यांची सरासरी १०७.५. तिला एकूण सरासरीने भागलं की येतात ६६ टक्के. याला वाटपाची एकसमानता म्हणतात. ९० च्या वर असेल तर उत्तम, ८० ते ९० चांगली, ७० ते ८० कामचलाऊ, ७० च्या खाली संच दुरुस्तीला आलाय असं धरायचं.

सर्वांत कमी पाणी मिळणारा चतुर्थांश भागच का घ्यायचा, तेही सांगतो. १९४२ साली कॅलिफोर्नियात ख्रिस्तियन्सन यांनी तुषार सिंचनाखाली डबे मांडून एकसमानतेचं पहिलं सूत्र बसवलं. त्यात प्रत्येक डबा सरासरीपासून किती लांब आहे ते मोजायचे. त्यात जास्त पाणी आणि कमी पाणी दोन्ही एकाच मापाने दोषी ठरतं. पण शेतकरी तसं वागत नाही. त्याला सुकणारं झाड दिसतं आणि तो त्या झाडासाठी मोटर चालू ठेवतो. तुम्ही तेच केलंत. ६६ टक्के असताना उपाशी चतुर्थांशाला पुरेसं द्यायचं म्हटलं तर वेळ दीडपट करावा लागतो, आणि मग उरलेली बाग बुडते. म्हणून ठिबकला हेच माप लावतात.

आता एक काम करा. प्रेशर गेज घेऊन चार ठिकाणी दाब बघा: पहिल्या नळीचं तोंड आणि टोक, शेवटच्या नळीचं तोंड आणि टोक. ड्रिपर कमी पाणी देतो तो एक तर दाब कमी म्हणून, नाहीतर चोंदला म्हणून. दोन्हींचा इलाज वेगळा आहे. गेज लावल्याशिवाय ते कळत नाही.

ऊसवाला_कृष्णाकाठ

माझ्याकडे इनलाइन (नळीच्या आतच ड्रिपर असलेलं) आहे, १६ मिमी, ४० सेंटिमीटरवर ४ लिटरचा ड्रिपर. रान लांब म्हणून सरीच्या लांबीइतकी, ११० मीटरची नळी सरळ टाकली. शेवटच्या ३० मीटरचा ऊस दरवर्षी बारीक. दुकानदार म्हणाला, मोटर मोठी घ्या. घ्यावी का?

जलवाटप

थांबा, मोटरचे पैसे घालू नका. ११० मीटरमध्ये ४० सेंमीवर २७५ ड्रिपर झाले, म्हणजे ताशी ११०० लिटर. एवढं पाणी १६ मिमीच्या नळीतून न्यायचं तर घर्षणात हिशेबाने १६ मीटरच्या आसपास (तेवढ्या उंच पाण्याइतका) दाब जातो. तुम्ही तोंडाशी देता १० मीटर, म्हणजे १ किलो. सगळा दाब वाटेतच संपतो, टोकाला नुसतं ठिपकतं.

नळीची लांबी दुप्पट केली की नुकसान दुप्पट होत नाही, जवळपास सातपट होतं, कारण लांबीबरोबर पाणीही दुप्पट वाहतं. हेच उलटं वापरा. सबमेन (सगळ्या नळ्यांना पाणी देणारा जाड पाइप) रानाच्या मधोमध घ्या आणि दोन्ही बाजूंना ५५-५५ मीटरच्या नळ्या सोडा. नुकसान दोन-सव्वादोन मीटरवर येतं. साध्या ड्रिपरचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. दाब २० टक्के घटला तर पाणी साधारण १० टक्केच घटतं, तेवढं पीक सोसतं.

माळरानची_लेक

दादा, तुमचे आकडे वाचून माझी बाग आठवली. दाब बघालच, पण त्याआधी नळ्यांची टोकं उघडा. एकदम सगळी नको. चार-पाच नळ्या उघडायच्या, पाणी स्वच्छ येईपर्यंत वाहू द्यायचं, बंद करून पुढच्या चार. सगळी टोकं एकदम उघडली की पाण्याला जोर राहत नाही आणि गाळ तळाशी तसाच बसतो. जोर पुरेसा आहे का हे बघायला मी लिटरची बाटली धरते. वीस सेकंदांच्या आत भरली तर ठीक. जास्त वेळ लागला तर उघडलेल्या नळ्या कमी करायच्या.

आणि टोकाला काय येतं ते पांढऱ्या थाळीत घेऊन बघा. पांढरी कणी असेल तर तिच्यावर अ‍ॅसिडचा एक थेंब टाका. फसफसलं की क्षार. तांबूस बुळबुळीत असेल तर लोह आणि त्यावर वाढणारे जिवाणू. हिरवट असेल तर शेवाळ, ते शेततळ्याच्या पाण्यात येतं. नुसती रेती असेल तर बोअर रेती टाकतोय, मग जाळीच्या फिल्टरआधी हायड्रोसायक्लोन (पाणी गरगर फिरवून रेती वेगळी करणारा फिल्टर) हवा.

बांधावरून (सांगोला)

ताई, साहेब, दोन्ही केलं.

दाब असा आला: पहिल्या नळीच्या तोंडाशी १.०५ किलो, तिच्या टोकाला १.०. शेवटच्या नळीच्या तोंडाशी ०.७२, टोकाला ०.६५ ते ०.७ च्या मध्ये काटा.

टोकं उघडली तर आधी दुधाळ चहासारखं पाणी, मागून पांढरी चुरी. थाळीत अ‍ॅसिडचा थेंब टाकला तर जोरात फसफसलं. शेवटच्या ओळींतले पाच ड्रिपर खोलून बघितले. आतल्या नागमोडी वाटेत चुना बसावा तसा पांढरा थर, नखाने निघत नाही. काही ड्रिपरला बारीक भोकंच नाहीत, टाचणीने टोचून टोचून मोठी झालीत. गड्याला मीच सांगितलं होतं, बंद दिसला की टोच म्हणून.

जलवाटप

आता चित्र स्पष्ट झालं. तुमच्याकडे दोन आजार एकत्र आहेत.

पहिल्या नळीवर तोंडाशी १.०५ आणि टोकाला १.०, म्हणजे नळीत दाब जवळजवळ जातच नाही. जायलाही नको: नळीवर ५० ड्रिपर, ताशी २०० लिटर, ७५ मीटरला अर्धा मीटरही जात नाही. तरी टोकाचा ड्रिपर २०० ऐवजी १५० देतोय. ही सरळ चोंदण. गाळ नेहमी टोकाला जाऊन बसतो, कारण तिथे पाण्याचा वेग सगळ्यात कमी.

पण चारही नळ्यांच्या तोंडाचे आकडे बघा: २०५, २००, १८५, १७०. तिथे चोंदण फारशी नसते, तरी उतरत गेलेत. १.०५ वरून ०.७२ वर दाब उतरलाय आणि त्या हिशेबाने १७० च यायला हवेत. हा सबमेनचा दोष. सबमेन किती इंची आहे? दोन्ही एकर एकाच कॉकवर आहेत का? आणि मागे चढ आहे का?

बांधावरून (सांगोला)

साहेब, सबमेन दोन इंची. आधी एकच एकर होतं. दुसरं एकर लावलं तेव्हा तीच सबमेन पुढे वाढवली, १०८ मीटर झाली. कॉक एकच. मागे चढ आहे, ट्यूब लेव्हलने बघितलं तर मीटरभर भरतो.

जलवाटप

तिथेच गडबड झाली. एका एकराच्या आराखड्यावर दोन एकर चाललंय. ६०० झाडं, झाडाला १६ लिटर, ताशी ९६०० लिटर पाणी एका दोन इंची सबमेनमधून १०८ मीटर जातंय. त्यात सव्वादोन-अडीच मीटर दाब जातो. चढाचा एक मीटर धरा, की तुमचा ०.३३ किलोचा हिशेब बरोबर लागतो.

उपाय: सबमेन मधोमध तोडा. मागच्या अर्ध्याला ६३ मिमीची वेगळी मेन न्या, तिला स्वतंत्र कॉक आणि कॉकजवळ गेज. दोन पाळ्यांत पाणी द्या. प्रत्येक पाळीत ४८०० लिटरच वाहील आणि सबमेनमध्ये अर्धा मीटरही जाणार नाही. एक लक्षात ठेवा, पाणी निम्मं झालं की मोटरचा दाब वर चढतो. बायपास (जादा पाणी बाजूला सोडणारा कॉक) थोडा उघडून नळीच्या तोंडाशी १ किलोच ठेवा, नाहीतर ग्रोमेट (सबमेनला नळी जोडणाऱ्या रबरी चकत्या) उडतील.

माळरानची_लेक

चोंदणीचं मी सांगते, तीन वर्षं करतेय.

बादलीत दहा लिटर बोअरचं पाणी घ्या. त्यात मापाने थोडं थोडं अ‍ॅसिड टाकत पीएच पट्टीने बघा. पीएच ४ वर आला की किती मिली लागलं ते लिहून ठेवा. प्रत्येक बोअरचं पाणी वेगळं, शेजाऱ्याचं माप आपल्याला चालत नाही. त्याच प्रमाणात व्हेंचुरीतून (खत-औषध पाण्यात ओढून घेणारं साधन) सोडायचं. शेवटच्या नळीच्या टोकाला पट्टी धरून पीएच ४ आला की मोटर बंद. चोवीस तास नळ्या तशाच भरलेल्या ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी टोकं उघडून चार-चार नळ्या धुवून काढायच्या.

अ‍ॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अ‍ॅसिडमध्ये कधीच नाही. हातात रबरी मोजे, डोळ्यांना चष्मा, पोरं लांब. शेवाळासाठी ब्लीचिंगचं पाणी सोडायचं असेल तर ते अ‍ॅसिडच्या दिवशी अजिबात नाही. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो, तो माणसाच्या छातीत भरतो. हे घरातल्या आणि रानातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

टोचलेले ड्रिपर मात्र बदलाच. त्यांचं भोक मोठं झालं, आतली वाट फाटली, ते आता कधीच ४ लिटर देणार नाहीत. बदलताना एकाच लिटरचे घ्या. माझ्याकडे बंद पडेल तिथे हाताला लागेल तो बसवत गेल्याने एकाच ओळीत ४ चे आणि ८ चे झाले होते.

एक विचारते, कॅल्शियम नायट्रेट कशाबरोबर सोडता?

बांधावरून (सांगोला)

०:५२:३४ (फॉस्फेटचं विद्राव्य खत) आणि कॅल्शियम नायट्रेट एकाच दिवशी, एकामागून एक. टाकी न धुता.

माळरानची_लेक

मग बोअरच्या क्षारात तुम्हीही भर घातलीत दादा. कॅल्शियम आणि फॉस्फेट एकत्र आले की न विरघळणारा साका होतो आणि तो थेट ड्रिपरमध्ये जातो. सल्फेटचंही तसंच. दोन्हींत एक-दोन दिवसांचं अंतर ठेवा, मध्ये साध्या पाण्याने नळ्या धुऊ द्या.

घाटमाथा (जुन्नर)

आमच्याकडे उतार जास्त, वरच्या आणि खालच्या झाडात आठ मीटरचा फरक. साधे ड्रिपर असते तर खालच्याला पूर आला असता. प्रेशर कॉम्पेन्सेटिंग घेतले. त्यात रबरी पडदा असतो, दाब वाढला की तो वाट आवळतो. पण त्यालाही किमान दाब लागतो. माझ्या भावाने दहा फूट उंचीच्या टाकीवर तेच ड्रिपर जोडले. दहा फूट म्हणजे जेमतेम ०.३ किलो. पडदा कामच करीना, पैसे वाया गेले.

उतारावरच्यांनी अजून एक बघावं. मोटर बंद झाली की नळीतलं सगळं पाणी खालच्या झाडांकडे उतरतं आणि तिथे पुढे कितीतरी वेळ ठिबकत राहतं. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं पाणी दिलं तर तेवढ्या वेळा खालच्यांना जादा मिळतं. नळ्या उताराच्या दिशेने न टाकता समपातळीवर टाकल्या तर हे बरंच टळतं.

नवा_बागायतदार

पाण्याचं समजलं. पण खत तर विरघळलेलंच असतं, ते सगळीकडे सारखं जात असेल ना?

जलवाटप

नाही. खत पाण्याबरोबरच जातं, त्यामुळे ज्याला तिप्पट पाणी त्याला तिप्पट खत. शिवाय वेळेचा घोळ असतो. मूळ पोस्टमधल्या बागेत व्हेंचुरीतून सोडलेलं खत शेवटच्या नळीच्या शेवटच्या ड्रिपरला पोहोचायला हिशेबाने वीसेक मिनिटं लागतात, कारण टोकाकडे नळीतलं पाणी फार हळू सरकतं. कुणी दहा मिनिटांत खत संपवून लगेच मोटर बंद केली तर टोकाच्या झाडांचं खत नळीतच राहतं, तिथे साका धरतं आणि पुढच्या पाळीत चोंदण वाढवतं. आधी साधं पाणी देऊन नळ्या भरून घ्या, मग खत सोडा, नंतर निदान अर्धा तास साधं पाणी. ईसी मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा) असेल तर शेवटच्या ड्रिपरखाली धरा. काटा वर कधी गेला आणि खाली कधी आला ते बघितलं की तुमच्या बागेचा नेमका वेळ कळतो.

बांधावरून (सांगोला)

मंडळी, साडेतीन आठवड्यांनी लिहितोय, कामं उरकल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

सबमेन मध्ये तोडली, मागच्या बारा ओळींना ६३ ची मेन आणि वेगळा कॉक दिला. अ‍ॅसिड दोनदा सोडलं, मध्ये आठ दिवस ठेवून. पहिल्या वेळी धुताना पांढरी चुरी एवढी आली की टोकाखालची माती चुना शिंपडल्यासारखी दिसत होती. टोचलेले आणि पूर्ण बंद असे १४० ड्रिपर बदलले. त्याच सोळा जागा, तीच वाटी, तीन मिनिटं:

पहिली नळी: २००, १९५, १९५, १८५
एक तृतीयांश: २००, १९५, १९०, १८०
दोन तृतीयांश: १९५, १९५, १९०, १५०
शेवटची: १९५, १९०, १८५, १३५

साहेबांच्या रीतीने मांडलं. सरासरी १८६, कमी चारांची १६२.५, म्हणजे ८७ टक्के.

आता प्रत्येक पाळी दोन तास चाळीस मिनिटं चालवतो. दोन पाळ्यांचे मिळून पाच तास वीस मिनिटं होतात, लाईट आठ तास असते तेवढ्यात बसतं. मोटर आधीपेक्षा जास्त वेळ चालते म्हणून घरचे म्हणाले की पाणी वाढलं. हिशेब करून दाखवला: आधी चार तासांत झाडामागे सरासरी ५२ लिटर जात होतं, आता ४० जातंय. सहाशे झाडांचे रोजचे ७२०० लिटर वाचले, तेही मागची झाडं पोटभर पिऊन. पुढच्या ओळींत काल टाच रोवून बघितली, वाफसा आलाय. मागच्या ओळींना नवी पालवी फुटलीय. यंदाची तिथली फळं काही मोठी होणार नाहीत, ते धरून चाललोय.

शेवटच्या नळीच्या टोकाला अजून १३५ च येतात. दाब तिथे आता ०.९५ आहे, म्हणजे चोंदणच.

जलवाटप

शेवटच्या दोन-तीन नळ्यांच्या टोकाकडचे दहा-दहा ड्रिपर बदलून टाका, जुना घट्ट थर अ‍ॅसिडने पूर्ण निघत नाही. ९० च्या वर जाल. आणि या सोळा ड्रिपरना लाल रंग लावून ठेवा, म्हणजे दर बहाराच्या आधी त्याच जागा मापता येतील.

ऊसवाला_कृष्णाकाठ

माझंही सांगतो. खोडव्यात सबमेन मध्ये घेता आली नाही, लागणीच्या रानात घेतली. ५५ मीटरच्या टोकाचा ड्रिपर काल मापला. ३६ सेकंदांत ३६ मिली, म्हणजे ताशी ३.६ लिटर. जुन्या रानात ११० मीटरवर त्याच वाटीत ९ मिली आले.